अस्थींचें खोरें



इ. स. पूर्व ५९७ मध्यें बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजानें यरुशलेम घेतलें आणि तेथील राजा यहोयाखीन, त्याचे सरदार व कारागीर यांना बंदी करून आपल्या देशीं नेलें. ही केवळ धर्मग्रंथांतील कथा नव्हे. बाबेलच्या उत्खननांत सांपडलेल्या मातीच्या पाट्यांवर या राजाला व त्याच्या पांच पुत्रांना मिळणाऱ्या तेलाच्या शिध्याची नोंद आहे! त्या बंदिवानांत यहेज्केल नांवाचा एक याजक होता. निप्पूर नगराच्या परिसरांत, खबार नांवाच्या प्रवाहाकांठीं, इ. स. पूर्व ५९३ मध्यें त्याला पहिला दृष्टांत झाला.

चार मुखांचे प्राणी, चाकांत चाकें, त्यांच्या धावांवर डोळेच डोळे, आणि वर सिंहासन! टीकाकार या चाकांत फार गुरफटतात. मला विचाराल, तर सिंहासनाला चाकें असावीं हेंच त्यांतील मर्म. आपला देव यरुशलेमच्या मंदिरांत राहतो, मग या परमुलखांत आपणांस वाली कोण, ही त्या लोकांची व्यथा होती. चाकांचें सिंहासन कोठेंहि येऊं शकतें. परंतु तें निघूनहि जाऊं शकतें. आणि पुढच्या एका दृष्टांतांत तसेंच घडतें. मंदिरांतील अनाचार पाहून ईश्वरी तेज गाभाऱ्यांतून उंबरठ्यावर येतें, तेथून पूर्वद्वारीं, आणि मग नगराच्या पूर्वेकडील डोंगरावर जाऊन उभें राहतें. घर सोडतांना पाय अडखळावा, तसें हें प्रयाण आहे. न्यायनिवाड्याचें इतकें करुण चित्र मला तरी अन्यत्र आढळलें नाहीं.

यहेज्केल नुसता बोलत नसे. त्यानें एका विटेवर नगराचें चित्र कोरलें, तिच्याभोंवतीं वेढा मांडला आणि मध्यें लोखंडी तवा उभा केला. वेढ्यांतल्यासारखें अन्न तोलून खाल्लें. विटांच्या त्या मुलखांत हें सहज समजण्याजोगें होतें. निप्पूरचाच मृत्तिकेवर कोरलेला प्राचीन नकाशा उपलब्ध आहे. पण लवकरच घरीं परतूं अशा आशेवर बसलेल्यांना तें रुचलें नसावें. पुढें इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास नगर पडलें, मंदिर जळालें, आणि एक पळून आलेला मनुष्य ती वार्ता घेऊन पोंचला.

येथून यहेज्केलाची वाणी पालटते. आमचीं हाडें सुकलीं, आशा नष्ट झाली, असें लोक म्हणूं लागले होते. त्यांच्या याच शब्दांतून तो दृष्टांत उभा राहतो. अस्थींनीं भरलेलें खोरें. त्या खडखडत एकमेकींस जुळतात. स्नायु, मांस, त्वचा चढते, आणि तरीहि तीं प्रेतेंच! मग चारी दिशांच्या वाऱ्याला हांक जाते. येथें इब्री शब्द आहे ‘रूआख’. वारा, श्वास, आत्मा हे तिन्ही अर्थ त्या एका शब्दांत आहेत. मराठींत निरनिराळे शब्द योजावे लागतात आणि मूळची गंमत हरपते. या अस्थि म्हणजे समस्त इस्राएल, असा खुलासा ग्रंथांतच आहे. म्हणजे पुनरुत्थान राष्ट्राचें. व्यक्तीच्या पुनरुत्थानाचा अर्थ पुढच्या पिढ्यांनीं त्यांत पाहिला.

सीरियांतील दूरा-युरोपोस येथील तिसऱ्या शतकांतील यहूदी सभास्थानाच्या भिंतीवर हाच प्रसंग रंगविलेला आहे. तीं चित्रें १९३२ मध्यें उजेडांत आलीं. इ. स. ७३ च्या सुमारास रोमन सैन्यानें जिंकलेल्या मसादा दुर्गावर १९६३ ते १९६५ या काळांत उत्खनन झालें, तेव्हां सभास्थानाच्या जमिनीखालीं पुरलेल्या ग्रंथखंडांत हाच अध्याय निघाला.

इ. स. पूर्व ५३९ मध्यें इराणच्या कोरेश राजानें बाबेल जिंकलें, परतीची वाट मोकळी झाली, आणि ५१५ च्या सुमारास मंदिर पुन्हां उभें राहिलें. यहेज्केलानें अखेरच्या दृष्टांतांत हातांनीं मोजून वर्णिलेलें तें भव्य मंदिर मात्र कधींच बांधलें गेलें नाहीं. सर्वच लोक परतलेहि नाहींत. ‘यहूदानगर’ अशा अर्थाचें नांव असलेल्या बाबेलमधील एका वस्तीच्या मृत्तिकापाट्या मिळाल्या आहेत. त्यांत हे लोक शेतें कसतात, कर भरतात, देणींघेणीं करतात. आणि त्यांच्या मुलांच्या नांवांत आपल्या देवाचें नांव गुंफलेलें आढळतें.