तडजोड कोणाच्या वाट्याची?

तापीच्या खोऱ्यातून सुरतेस जाणारा लोहमार्ग आमच्या दोंडाईच्यावरून जातो. या मार्गाने पश्चिमेस निघाले, की नंदुरबार मागे पडते, सपाट काळ्या रानांची जागा हळूहळू टेकड्या घेऊ लागतात आणि गाडी नवापूरला येऊन थांबते. येथील एक नवल प्रवासी एकमेकांना आवर्जून दाखवितात. फलाटावर एक बाक आहे. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. तिकिटाची खिडकी एका राज्यात, तर स्टेशनमास्तरांची कचेरी दुसऱ्या राज्यात. लोक त्या बाकावर बसून छायाचित्रे काढून घेतात आणि हसत पुन्हा गाडीत चढतात. आम्हीही एके काळी तसेच हसलो होतो. पुढे इतिहास वाचू लागलो, तेव्हा ध्यानात आले की हा बाक म्हणजे एका मोठ्या राजकीय तडजोडीची खूण आहे. लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर आला. त्याला छेदून जाणारी राज्यसीमा १९६० साली आली.

विरोधी पक्ष सहकार्य करावयास तयारच नसेल, तर सत्ताधाऱ्याने त्याच्याशी तडजोड करावी काय, हा प्रश्न प्रत्येक पिढीत नव्याने विचारला जातो. आपल्याकडे ‘तडजोड’ या शब्दाला दोन तोंडे आहेत. लग्न होऊन सासरी निघालेल्या मुलीला आपण तडजोडीचा उपदेश करतो आणि राजकारणात कोणी तडजोड केली, की त्याच्या निष्ठेविषयी शंका घेतो. एकीकडे तो सद्गुण, तर दुसरीकडे दुबळेपणा. हा शब्द पारखून घ्यावयाचा, तर महाराष्ट्र राज्याच्या जन्मकथेसारखे दुसरे उदाहरण नाही; आणि त्या कथेचे एक पान आपल्या खानदेशातच लिहिले गेले आहे.

२१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी निदर्शकांवर गोळीबार झाला. पुढील जानेवारीत मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय जाहीर होताच आंदोलन पेटले आणि शंभराहून अधिक माणसांनी प्राण गमावले. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्युल्ड कास्ट फेडरेशन असे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष एका मागणीसाठी एका मांडवात आले. पुढे मुंबई, गुजरात, विदर्भ व मराठवाडा एकत्र करून विशाल द्वैभाषिक राज्य बनविण्यात आले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी यशवंतराव चव्हाण त्याचे मुख्यमंत्री झाले. हे राज्य ना समितीला मान्य होते, ना इंदुलाल याज्ञिकांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या महागुजरात जनता परिषदेला.

१९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रातील मतदारांनी काँग्रेसला जबर तडाखा दिला. खुद्द यशवंतराव कराडमधून अगदी थोड्या मतांनी निवडून आले. गुजरात, विदर्भ व मराठवाडा यांच्या बळावर सत्ता टिकली. मात्र ज्या मातीत मुख्यमंत्री जन्मले, तीच माती त्यांच्यावर रुसली होती. मुंबई आणि पुणे या महानगरपालिकाही समितीकडे गेल्या. सभांतून आणि वृत्तपत्रांतून यशवंतरावांना सूर्याजी पिसाळाची उपमा दिली जात होती. आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’ची लेखणी तर रोज धार लावून बसलेली असे. सहकार्य न करणारा विरोधी पक्ष तो आणखी कसा असावा?

अशा वेळी सत्ताधाऱ्यापुढे दोन वाटा असतात. बहुमत आपल्याकडे आहे, तेव्हा विरोधकांच्या आरड्याओरड्याकडे कानाडोळा करावा, ही पहिली वाट. ती सोपी असते आणि कायद्यातही बसते. विरोधकांच्या आरड्याओरड्यात लोकांचे म्हणणे किती आहे ते शांतपणे मोजावे, ही दुसरी. यशवंतरावांनी सुरुवातीस द्वैभाषिक राज्य यशस्वी करण्याचाच विडा उचलला होता. पण मतपेटीने सांगितलेली गोष्ट ते विसरले नाहीत.

३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण पंडित नेहरूंच्या हस्ते व्हावयाचे होते. समितीने निदर्शने जाहीर केली. प्रसंग मोठा नाजूक होता. एक दगड भिरकावला गेला असता, किंवा एक गोळी सुटली असती, तरी पुढची कित्येक वर्षे संवादाचे दार बंद झाले असते. समितीचे सरचिटणीस एस. एम. जोशी यांनी आपल्या अनुयायांना शिस्तीची शपथच जणू घातली आणि सरकारनेही निदर्शने दडपून टाकण्याचा मार्ग स्वीकारला नाही. वाई आणि पसरणी घाटाच्या वाटेवर हजारो लोक काळी निशाणे घेऊन उभे राहिले. पंतप्रधानांची गाडी त्यांच्यामधून गेली, समारंभ पार पडला आणि रक्त सांडले नाही. जनतेचा राग आणि तिचा संयम या दोन्ही गोष्टी नेहरूंनी एकाच दिवशी पाहिल्या. सहकार्य न करणारे दोन पक्षही किमान मर्यादा पाळण्यापुरते एकमेकांना सहकार्य करू शकतात, हा त्या दिवसाचा धडा होय. आमच्या मते महाराष्ट्र राज्याचा पाया मंत्रालयाआधी त्या घाटात घातला गेला.

पुढे दिल्लीतील वातावरण पालटले. १९५९ मध्ये इंदिरा गांधी काँग्रेसच्या अध्यक्षा होत्या. त्या वर्षी पक्षाने नऊ जणांची समिती नेमून प्रश्नाचा फेरविचार केला आणि वर्षअखेरीस द्विभाजनाचा निर्णय झाला. येथे यशवंतरावांनी काय दिले, ते नीट पाहावे. जे राज्य चालवून दाखवू असे त्यांनी जाहीरपणे सांगितले होते, तेच मोडण्यास त्यांनी वरिष्ठांचे मन वळविले. राजकीय पुरुषाला आपला शब्द मागे घेणे किती जड जाते! विरोधकांची मागणी मान्य करणे म्हणजे त्यांचा विजय मान्य करणे. ती किंमत त्यांनी स्वतःच्या प्रतिष्ठेतून चुकती केली. नव्या राज्याला ‘मुंबई’ हेच नाव ठेवण्याचे घाटत होते. समितीने आवाज उठविल्यावर ‘महाराष्ट्र’ हे नाव ठरले. नाव विरोधकांचे आणि कारभार सत्ताधाऱ्यांचा, अशा संयुक्त संसारातून १ मे १९६० रोजी आपले राज्य जन्माला आले.

येथवरची कथा शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. पण तडजोडीच्या हिशेबात एक दुसरी बाजूही होती. एप्रिल १९६० मध्ये संमत झालेल्या मुंबई पुनर्रचना कायद्याच्या परिशिष्टात गावांच्या याद्या आहेत. डांग जिल्हा गुजरातेत गेला. ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्याची सुमारे ५० गावे गेली. आणि आपल्या पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, तळोदे व अक्कलकुवा या तालुक्यांतून १५० हून अधिक गावे गेली. आजचे उच्छल आणि निझर हे गुजरातचे तालुके त्या याद्यांतून घडले. याशिवाय नव्या राजधानीच्या उभारणीसाठी आणि तुटीच्या भरपाईसाठी गुजरातला कोट्यवधी रुपये देण्याचेही ठरले. समितीच्या सभासदांनी विधिमंडळात या गोष्टींना विरोध केला. पण मुंबई मिळत होती, महाराष्ट्र मिळत होता, आणि त्या आनंदाच्या ढोलताशांत तो विरोध फारसा कोणाच्या कानी गेला नाही.

ही गावे कोणाची होती? भिल्ल, मावची, कोकणी अशा आदिवासी समाजांची. त्यांच्या बोली पुण्याच्या मराठीपासून जितक्या दूर, तितक्याच अहमदाबादच्या गुजरातीपासूनही दूर. भाषेच्या तत्त्वावर राज्ये होत होती, परंतु त्यांच्या भाषेचे राज्य कोणीच मागितले नव्हते. त्यांची इच्छा जाणून घेण्यासाठी मतदानही घेण्यात आले नाही. तापीवरील उकाई धरणाचा प्रश्नही याच मुलखाशी निगडित होता. ते धरण १९७२ साली पूर्ण झाले, त्याचे पाणी मागे पसरले आणि दोन्ही राज्यांतील आदिवासी गावे त्याखाली गेली. ज्यांनी ना मोर्चा काढला, ना कोणाला सूर्याजी म्हटले, त्यांनी या तडजोडीची किंमत मोजली. आणि ते मात्र बैठकीला नव्हते.

यावर कोणी म्हणेल, मग तडजोडच करू नये, हे उत्तम! या मतालाही इतिहासाने उत्तर दिले आहे. बेळगाव, कारवार, निपाणी या सीमाभागाचा प्रश्न पाहा. तेथे कोणीच मागे हटले नाही. सेनापती बापटांनी १९६६ मध्ये उपोषण केले. त्याच वर्षी न्यायमूर्ती महाजन यांचा आयोग नेमला गेला. आयोगाने १९६७ मध्ये २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे तेव्हाच्या म्हैसूर राज्याला देण्याची शिफारस केली. त्यात बेळगाव शहर नव्हते. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. २००४ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्यालाही वीस वर्षे उलटून गेली. तेथील तीन पिढ्यांनी आशेवर दिवस काढले. नवापूरच्या सीमेवरील माणसाला निदान आपला तलाठी कोणत्या राज्याचा, हे ठाऊक आहे. म्हणजे तडजोडीने जसे दुःख दिले, तसे ताठरपणानेही दिले. एकाचे दुःख संपणारे होते, दुसऱ्याचे न संपणारे.

विरोधी पक्षाची परीक्षाही येथेच होते. राज्य मिळाल्यावर समितीत मतभेद झाले. एक मोठी मागणी पदरात पडली, आता प्रत्येकाने आपापल्या विचाराने काम करावे, असे एस. एम. जोशी आणि त्यांच्या प्रजासमाजवादी सहकाऱ्यांचे मत पडले; सीमाप्रश्न सुटेपर्यंत समिती टिकलीच पाहिजे, असे इतर म्हणत राहिले. समिती दुभंगली. १९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. ज्या विरोधी पक्षामुळे महाराष्ट्र मिळाला, तो महाराष्ट्रात जवळजवळ उरला नाही. आणि पश्चिम खानदेशातील त्या गावांची आठवण सत्ताधाऱ्यांना करून देईल, असा बळकट आवाजही त्याबरोबर गेला. आंदोलन संपविण्याची घाई दोन्ही बाजूंना झाली, की मागे राहिलेल्यांचा वाली कोणी उरत नाही.

शलमोन राजापुढे आलेल्या दोन स्त्रियांची गोष्ट आपल्या घरांतील लहान मुलांनाही ठाऊक आहे. बाळाचे दोन तुकडे करा, असे राजाने म्हणताच खऱ्या आईने आपला हक्क सोडला. बाळ जगावे म्हणून तिने दिले ते स्वतःचे होते, आणि म्हणूनच तिची माघार हीच तिच्या मातृत्वाची साक्ष ठरली. या कसोटीवर १९६० ची तडजोड घासून पाहिली, तर तिच्यात दोन धातू आढळतात. यशवंतरावांनी आपला मान सोडला आणि समितीने प्रक्षुब्ध जमावाला शिस्त लावून सोपी लोकप्रियता सोडली. ते सोने होते. पण पश्चिम खानदेशातील गावे सोडून दिली गेली, तेव्हा देणाऱ्यांच्या अंगणातले काहीच जात नव्हते.

म्हणून मूळ प्रश्नाला आमचे उत्तर असे : नेत्याने तडजोड जरूर करावी, आणि विरोधक तोंड फिरवून बसला असतानाही करावी. मतदारांनी निवडून दिलेला विरोधक हा सत्ताधाऱ्याचा वैयक्तिक वैरी नसतो. त्याच्यामागे माणसे उभी असतात. मात्र सही करण्यापूर्वी नेत्याने एकच प्रश्न स्वतःला विचारावा : मी देतो आहे ते माझे आहे काय? आपले पद, आपला अहंकार, आपल्या पक्षाचा लाभ यांतून द्यावयाचे असेल, तर खुशाल द्यावे. द्यावयाचे दुसऱ्याच्या ताटातले असेल, तर आधी त्याला बैठकीस बोलवावे आणि त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे.

हा प्रश्न मंत्र्यांपुरताच आहे, असे मात्र आम्हांस वाटत नाही. धर्मग्राम परिषदेत दोन गटांचे वाद मिटवितो, भावाभावांत शेत वाटतो, तेव्हा आपणही तडजोड करीत असतो. कोणाला गप्प बसविले म्हणजे वाद मिटेल, हे आपण फार लवकर हेरतो. सासरी जाणाऱ्या मुलीलाच तडजोडीचा उपदेश का केला जातो, याचे उत्तरही त्यातच आहे.

पुढच्या वेळी सुरतेच्या गाडीने जाल आणि नवापूरला उतरून त्या बाकावर बसाल, तेव्हा छायाचित्र अवश्य काढावे. पण क्षणभर पलीकडच्या उच्छलच्या टेकड्यांकडेही पाहावे. तिकडचा एखादा म्हातारा बाजाराला आपल्याच नंदुरबारला येत असेल. त्याचे गाव एका यादीत होते, आणि ती यादी त्याला कोणी वाचून दाखविली नव्हती.