अडीच फुटी रूळ आणि हातभर गाडी



वसंत व्याख्यानमालेत आगगाडीच्या खेळण्याविषयी तासभर बोलायचे आणि त्याला इतिहास म्हणायचे, हे जाहिरातीत वाचून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. त्यात आपला दोष नाही. खेळण्यातली गाडी म्हटली की जत्रेत मिळणारी, किल्ली दिली की गोल गोल फिरणारी पत्र्याची गाडीच डोळ्यांपुढे येते. मी ज्या छंदाविषयी बोलणार आहे तो निराळा आहे. एखादी खरी रेल्वे घ्यायची, तिची मापे घ्यायची, ती एका ठरावीक प्रमाणात लहान करायची आणि रूळ, सांधे, फलाट, डोंगर, पाण्याची टाकी यांसह ती एका फळीवर उभी करून वेळापत्रकाबरहुकूम चालवायची, असा हा छंद. त्यातही मी बोलणार आहे ते नॅरोगेजच्या प्रतिकृतींविषयी.

नॅरोगेजच का, हे आपल्या हाटकेशकरांना समजावून देणे सोपे आहे. मिरारोड स्थानकावर आपण रोज ज्या लोकलमध्ये स्वतःला कोंबतो, ती साडेपाच फुटी रुळांवरून धावते. ती घरात आणायची असे ठरवू. या छंदात जगभर सर्वांत रुळलेले प्रमाण सत्त्याऐंशीव्या हिश्शाचे आहे, म्हणजे खऱ्या फुटाला साडेतीन मिलिमीटर. बारा डब्यांची लोकल सुमारे अडीचशे मीटर लांब. तिचा सत्त्याऐंशीवा हिस्सा जवळजवळ तीन मीटर झाला. दहा बाय दहाच्या खोलीत गाडीचे तोंड खिडकीशी आणि शेपूट दाराशी! ती वळवायची म्हटली तर आणखी पंचाईत. ब्रॉडगेजला आपल्याकडे १७५ मीटर त्रिज्येपेक्षा तीव्र वळण चालत नाही. ती त्रिज्या प्रतिकृतीत दोन मीटर होते, म्हणजे पूर्ण वळसा घालायला चार मीटर जागा हवी. घरातल्या माणसांनी मग जिन्यात झोपायचे.

आता अडीच फुटी नॅरोगेज पाहा. तिला ४४ मीटर त्रिज्येचे वळण चालते. त्याचा सत्त्याऐंशीवा हिस्सा अवघा अर्धा मीटर. मीटरभराच्या वर्तुळात गाडी फिरून येते, आणि ती फळी रात्री खाटेखाली सरकवता येते. गाडीही कशी? एक इंजिन आणि चारपाच डबे, सारी मिळून हातभर.

यात योगायोग काही नाही, आणि माझा मुख्य मुद्दा हाच आहे. पैसा थोडा, जागा अडचणीची, वळणे तीव्र, म्हणून इंजिनियरांनी अरुंद रूळ पत्करले. छंदिष्टाची अडचण शब्दशः तीच. त्यामुळे नॅरोगेजची प्रतिकृती करणारा मनुष्य नकळत त्या जुन्या इंजिनियराच्याच खुर्चीत जाऊन बसतो.

हे जे अरुंद रूळ, त्यांच्याशी मराठी माणसांचा संबंध जुना आहे. हिंदुस्थानातली पहिली नॅरोगेज खंडेराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात, डभोई ते मियागाम, १८६०च्या दशकाच्या आरंभी पडली. तीवरच्या गाड्या प्रथम बैल ओढीत. पण आजच्या विषयाला अधिक जवळचे ते ग्वाल्हेर. माधवराव शिंदे यांनी १८९०च्या दशकात आपल्या राजवाड्याच्या आवारात दोन फुटी रूळ घातले ते हौसेखातर. ती हौस वाढत वाढत संस्थानभर पसरली आणि तिची रीतसर ग्वाल्हेर लाइट रेल्वे झाली. ग्वाल्हेर–श्योपूर हा तिचा सुमारे २०० किलोमीटरांचा फाटा दोन फुटी रुळांवरचा जगातला सर्वांत लांब मार्ग म्हणून गाजला. २०२० मध्ये तो बंद पडला. याच महाराजांच्या जयविलास राजवाड्यात भोजनाच्या मेजावर चांदीची लहानशी गाडी विजेवर फिरत असे, पाहुण्यांपुढे मद्याच्या काचेच्या सुरया घेऊन. सुरई उचलली की गाडी थांबे. ती आजही तेथे पाहायला मिळते. मेजावरची गाडी आणि जनतेची गाडी एकाच घरात वाढल्याचे असे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

राजेरजवाड्यांचे सोडून आता बार्शीला येऊ. कारण नॅरोगेजच्या इतिहासात ग्वाल्हेर ही गंमत असेल, पण बार्शी हा धडा आहे.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनियर १८८२ मध्ये जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीत इकडे आला. बार्शी ही मोठी बाजारपेठ, पण रेल्वेचा मुख्य रस्ता तिला एकवीस-बावीस मैल लांब ठेवून गेलेला. बार्शी रोड म्हणजे आजचे कुर्डूवाडी. तिथवर सारा माल बैलगाड्यांनी जायचा. कॅलथ्रॉपने या तुकड्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली, १८९५ मध्ये लंडनला कंपनी नोंदवली आणि मार्च १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. त्याचा विचार साधा होता. रुळांवर येणारा भार कोणत्याही एका आसाखाली ५ टनांपेक्षा अधिक होऊ द्यायचा नाही. मग इंजिन असो, मालडबा असो की प्रवाशांचा डबा असो. असे केले म्हणजे यार्डाला ३० पौंड वजनाचे हलके, स्वस्त रूळ पुरतात. यासाठी लीड्सच्या किटसन कारखान्याने जी इंजिने बांधली त्यांना बारा चाके होती, पैकी आठ एकमेकांना जोडलेली. वजन वाटून द्यायचे, एका जागी साचू द्यायचे नाही. हे सामान इकडे धाडण्यापूर्वी कॅलथ्रॉपने लीड्सजवळ न्यूले येथे रूळ टाकून इंजिनियर लोकांना ते चालवून दाखवले. अडीच फुटांची रेल्वे म्हणजे खेळणे, असे मानणारे तेव्हाही पुष्कळ होते. आजच्या सभेतही असतील!

पुढे हा मार्ग १९०६ मध्ये पंढरपुरास, १९११ मध्ये लातुरास आणि १९२७ मध्ये मिरजेस पोचला. सारा मिळून दोनशे मैलांवर गेला. आषाढी-कार्तिकीला या चिमुकल्या गाडीवर वारकऱ्यांची किती झुंबड उडे, ते सोलापूर जिल्ह्यातल्या कोणाही वृद्ध माणसाला विचारावे. १ जानेवारी १९५४ रोजी कंपनी सरकारजमा झाली.

कॅलथ्रॉपचा हात आपल्या आणखी जवळच्या एका रेल्वेला लागलेला आहे. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी सोळा लाख रुपये खर्चून १९०४ ते १९०७ या काळात नेरळहून माथेरानला जी गाडी नेली, तिचा सल्लागार इंजिनियर तोच. ही दोन फुटी. वीस फुटांना एक फूट अशी चढण आणि कोपराकोपरावर वळण. तिच्यासाठी बर्लिनच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची जी इंजिने आली, त्यांचे टोकाचे आस पोकळ होते. आत एक गाभ्याचा आस आणि त्यावर गोळीच्या सांध्याने डुलणारा हा बाहेरचा. त्यामुळे चाके वळणाप्रमाणे तिरकी होत. बरे, हाच आस प्रतिकृतीत उतरवायला बसा, म्हणजे बर्लिनच्या त्या कारागिरांविषयी आदर दुणावतो. वाफेची ती इंजिने १९८२ पर्यंत घाट चढत होती. (कॅलथ्रॉपने उतारवयात वैमानिकांसाठी पॅराशूट बनवले आणि त्याचे नाव ‘गार्डियन एंजल’ ठेवले. अशा माणसाला एकच वेड पुरत नाही.)

आता गोष्टीचा दुसरा भाग इंग्लंडात घडतो. बार्शीचा अनुभव गाठीशी बांधून कॅलथ्रॉपने स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही आठ मैलांची अडीच फुटी रेल्वे उभारली. १९०४ मध्ये ती सुरू झाली. तिची दोनच इंजिने, तीही किटसनचीच, बार्शीच्या इंजिनांची धाकटी भावंडे. कपाळावर हिंदुस्थानी थाटाचा भलाथोरला दिवा. इंग्लंडच्या हिरव्या दरीत त्या दिव्याचे काय काम, असा प्रश्न पडतो. पण वंश लपत नाही. धंदा बसला नाही आणि १९३४ मध्ये रेल्वे बंद झाली. इंजिने भंगारात गेली. आणि तरीही ती रेल्वे मेली नाही! तिचे आराखडे, छायाचित्रे, डब्यांची मापे, रंगाच्या छटा हौशी लोकांनी जपल्या, आणि इंग्लंडात कित्येकांच्या माळ्यांवर लीक अँड मॅनिफोल्ड आजही चालते. म्हणजे बार्शीची धाकटी बहीण परक्यांच्या घरात सुखाने नांदते आहे.

या छंदाला हे वळण लावणाऱ्यांत एडिंबरोच्या पी. डी. हॅनकॉक यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षांतच त्यांनी क्रेग अँड मर्टनफर्ड नावाची एक रेल्वे घरात बांधायला घेतली. हा परगणाही काल्पनिक आणि रेल्वेही काल्पनिक, परंतु मापे चोख. त्यावरचे त्यांचे लेख वाचून अनेकांना नॅरोगेजचे वेड लागले. बाजारात तेव्हा तयार काही मिळत नसे. रूळ हाताने बसवायचे, इंजिन दुसऱ्याच कशाचे तरी मोडून करायचे. १९६०च्या सुमारास जर्मनीच्या आर्नोल्ड कंपनीने ९ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरच्या इवल्या गाड्या आणल्या. त्या होत्या मोठ्या रेल्वेच्याच प्रतिकृती, पण चाणाक्ष लोकांनी त्यांची चाके आणि मोटर घेऊन वर नॅरोगेजचा साज चढवला. १९६३च्या आगेमागे एगर-बाननेही तशाच तयार गाड्या विकायला काढल्या.

या ९ मिलिमीटरांत आपल्यासाठी एक शुभवार्ता दडलेली आहे. बाजारात मोठ्या गाड्यांसाठी जे साडेसोळा मिलिमीटरांचे रूळ मिळतात, ते पाश्चात्त्यांच्या चार फूट साडेआठ इंची मापाचे आहेत. त्यांवर आपली लोकल ठेवली, तर खऱ्या जगात रूळ साडेनऊ इंचांनी आत सरकवल्यासारखे होते. जाणत्याच्या डोळ्यांत ते सलते. परंतु अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर, यांना ८७ ने भागा. उत्तर पावणेनऊच्या किंचित वर येते. पाव मिलिमीटराचा फरक कोणाच्या बापाला दिसत नाही! म्हणजे बार्शी, दौंड–बारामती, पाचोरा–जामनेर, वऱ्हाडातली शकुंतला या आमच्या रेल्वे परदेशी बाजारातल्या तयार रुळांवर नेमक्या बसतात. माथेरान मात्र बसत नाही. दोन फुटांना सात मिलिमीटर हवेत. इंग्रज मंडळी फुटाला चार मिलिमीटर धरून दोन फुटी गाड्या याच ९ मिलिमीटरांवर चालवतात आणि मिलिमीटरभर खोटेपणा आनंदाने सोसतात. माझा स्वतःचा कल खोटेपणा न करण्याकडे आहे, पण माथेरानपुढे तोही डळमळतो.

आपल्याकडे या छंदाला सार्वजनिक घर मिळाले ते पुण्यात. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जमवलेल्या आणि घडवलेल्या लहान रेल्वेंचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी कर्वे रस्त्यालगत सुरू झाले. दिवे मालवून रात्रीचा देखावा दाखवतात, तेव्हा लहान मुलांपेक्षा त्यांचे वडीलच अधिक गप्प होतात. तेथल्या गाड्या बव्हंशी पाश्चात्त्य धर्तीच्या आहेत, आणि ते स्वाभाविक आहे. ज्या मिळतात त्याच आणता येतात. आपली गाडी मात्र ज्याची त्यालाच बनवावी लागते.

आणि बनवायची तर मापे हवीत. येथे माझी खरी चिंता सुरू होते. बार्शीचा मार्ग या शतकाच्या पहिल्या दशकात तुकड्यातुकड्याने ब्रॉडगेज झाला. बारामती त्याआधीच झाली होती. हे व्हायला नको होते असे मी म्हणणार नाही. लातूरच्या माणसाने मुंबईला येताना कुर्डूवाडीला बोचके डोक्यावर घेऊन गाडी का बदलावी? परंतु इंजिने चौथऱ्यांवर चढवून ठेवली म्हणजे रेल्वे राखली, असे होत नाही. नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचे संग्रहालय आहे, तिथे टेप घेऊन जाता येते, हे भाग्यच. पण शेंद्रीच्या माळावर पाण्याच्या टाकीला किती पाय होते, फाटकवाल्याची खोली दगडी की पत्र्याची, डब्याच्या आत बाके लांबीला की आडवी, हे कोण सांगणार? हे सांगू शकणारे निवृत्त गार्ड, फायरमन, सांधेवाले अजून आहेत, आणि त्यांतले बरेचसे ऐंशीच्या घरात आहेत. लीकची गाडी टिकली ती इंजिनांमुळे नव्हे. कोणीतरी वही काढून लिहून ठेवले म्हणून. प्रतिकृती करणाऱ्याला दुसरा मार्गच नसतो. इतिहासकार ‘एक छोटे स्थानक होते’ एवढ्यावर भागवू शकतो. प्रतिकृतीकाराला त्याच्या कौलांच्या ओळी मोजाव्या लागतात.

आता थोडे व्यवहाराचे. सारी माथेरान रेल्वे घरात मावत नाही. २१ किलोमीटर सत्त्याऐंशीने भागले तरी २४१ मीटर उरतात. तेव्हा एकच जागा निवडावी, एखादे जुम्मापट्टी. फळी चार फूट बाय दोन फूट पुरे. रुळांना १२ व्होल्ट लागतात, दोन रुळांत दोन टोके. व्होल्ट वाढवले की वेग वाढतो, टोके उलटी केली की गाडी मागे जाते. रूळ निकेल-सिल्व्हरचे घ्यावेत, लोखंडी नकोत. खाडीवरच्या दमट हवेत लोखंडी रूळ एका पावसाळ्यात गंजतात आणि गाडी आचके देऊ लागते. प्लायवुडला खालूनही रंग द्यावा, नाहीतर श्रावणात घाटाला आणखी एक चढण आपोआप तयार होते. गवताला लाकडाचा भुसा रंगवून वापरतात. तो आणि लोखंडी पट्ट्यांचे तुकडे आपल्या हाटकेशच्या गाळ्यांत मागितले तर फुकट मिळतील.

शेवटी एक कबुली. आधी बार्शी वाचवा असे तुम्हांला सांगणारा मी, रात्री झोप आली नाही की हॅनकॉकच्या वाटेने जातो. भाईंदरच्या मिठागरांतून निघालेली एक दोन फुटी गाडी, हाटकेशवरून वळण घेत घोडबंदरच्या किल्ल्याखाली खाडीवर गेली असती तर? तशी गाडी कधी नव्हती. पण एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये मिठाचे पांढरे ढीग आणि त्यांमधून पाच उघडे डबे ओढणारे इंजिन. चार फुटी फळीवर ती छान मावते. ढिगांसाठी मी आधी खरेच मीठ वापरून पाहिले. जूनमध्ये त्याला पाणी सुटले आणि कडेचे चार इंच प्लायवुड फुगले. आता फरशीवाल्याकडून संगमरवराची भुकटी आणतो.