दिल्लीच्या गादीवर देवगिरीचा नातू

गेल्या रविवारी सिन्नरला गोंदेश्वर बघायला गेलो. नाशिकहून जेमतेम पाऊण तास. सोमवारी रिलीज असताना मी तिथे काय करत होतो, ते विचारू नका. देवगिरीच्या आधी यादवांची राजधानी हीच. देवळाच्या पायरीवर टेकलो आणि डोक्यात जुना किडा परत वळवळायला लागला.

तर मंडळी, १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि रामचंद्रदेव यादव हरला, एवढं शाळेत शिकलोय. पुढचं कुणी सांगत नाही. रामचंद्राची एक मुलगी अलाउद्दीनला दिली गेली. तिचा मुलगा शिहाबुद्दीन उमर. जानेवारी १३१६ मध्ये अलाउद्दीन वारला आणि मलिक काफूरने या पाच-सहा वर्षांच्या पोराला तख्तावर बसवलं. म्हणजे यादवांचा नातू दिल्लीचा सुलतान! त्याचा मामा शंकरदेव १३१३ मध्ये याच काफूरच्या स्वारीत मारला गेला होता. नात्यानं बघितलं तर देवगिरीवरही आता या पोराचा हक्क सांगता आला असता.

पण हे टिकलं महिनाभर. काफूरने पोराचा थोरला सावत्रभाऊ मुबारक याचे डोळे काढायला पाईक पाठवले. त्यांनी उलट काफूरलाच मारलं. एप्रिलमध्ये मुबारक स्वतः सुलतान झाला.

आता प्रोग्रॅममधली एकच ओळ बदलून बघू. पाइकांनी हुकूम पाळला. मग दिल्ली आणि देवगिरी एक झाली असती?

मला तरी नाही वाटत. इंग्लंडचा सहावा हेन्री १४२२ मध्ये वर्षाचाही नव्हता, तेव्हा वडिलांचं इंग्लंड आणि आईच्या वडिलांचं फ्रान्स, दोन्ही त्याच्या नावावर आलं. १४२० चा लेखी तह होता हो हातात! तरी १४५३ पर्यंत कॅले सोडून फ्रान्समधलं सगळं गेलं. आपल्या पोराकडे तर कागदही नव्हता, होता फक्त काफूर. आणि अंतर? मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानीच देवगिरीला आणली, तरी १३४७ मध्ये बहमनी राज्य वेगळं झालंच.

एक गोष्ट मात्र कदाचित बदलली असती. रामचंद्राचा जावई हरपाळदेव दिल्लीविरुद्ध उठला आणि १३१८ मध्ये मुबारकने त्याला हाल करून मारलं. तख्तावर बायकोचा भाचा असता, तर निदान बोलणी झाली असती. यादवांचं नाव मांडलिक म्हणून का होईना, आणखी एखादी पिढी टिकलं असतं.

गंमत बघा, रामचंद्रानेही १२७१ मध्ये चुलतभाऊ अम्मणला हटवूनच गादी मिळवली होती. वारसाहक्काचा नियम ना इथे चालला, ना तिथे. चालली ती तलवार.

आणि त्या पोराचं काय झालं? मुबारकने त्याचे डोळे काढून ग्वाल्हेरच्या किल्ल्यात टाकलं. त्याला आजोबांचं देवगिरी कधी बघायला तरी मिळालं असेल का?

असो. उद्या सोमवार.