घाट नसलेली रेस

माजिवडा जंक्शनला रोज अडकणाऱ्या आपल्यासारख्यांना सायकल रेस म्हटलं की एकच आठवते, मुंबई-पुणे. साहजिक आहे म्हणा. वाशीचा खाडीपूल व्हायच्या आधी पुण्याचा रस्ता ठाण्यातूनच कळवा, मुंब्रा, पनवेल असा जायचा. कळव्याच्या पुढे त्याला लोक अजूनही ‘जुना मुंबई-पुणे रोड’ म्हणतात.

पण फेब्रुवारी २०११ मध्ये दोन अस्सल व्यावसायिक एकदिवसीय शर्यती झाल्या होत्या, हे किती जणांच्या लक्षात आहे? पहिली जिंकली इटलीच्या एलिया विवियानीने. वय वर्षं २२. याच पोराने पुढे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवर सुवर्ण मिळवलं. दुसरी, मुंबईतली, जिंकली रॉबर्ट हंटरने. २००७ मध्ये टूर द फ्रान्सची स्टेज जिंकणारा हा पहिला दक्षिण आफ्रिकन, तेव्हा रेडिओशॅक टीममध्ये होता. म्हणजे पाहुणे ऐरेगैरे नव्हते.

दोघेही स्प्रिंटर, आणि मला वाटतं हा निकाल रस्त्यानेच लिहून ठेवला होता. गणित सोपं आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे लागणारी ताकद घनाने. सपाट रस्त्यावर चाळीसच्या पुढे गेलात की सगळा जोर हवा कापण्यात जातो. दुसऱ्याच्या मागे चिकटून बसलेल्याची त्यातली चांगली पाव ते तिसरा हिस्सा ताकद वाचते. मग एकट्याने कशाला पळायचं? सगळा घोळका एकत्र येतो आणि शेवटच्या दोनशे मीटरमध्ये ज्याच्या पायात दम तो जिंकतो. रस्त्याकडेला उभ्या असलेल्याला काय दिसतं? सूंऽऽऽ, आणि संपलं!

मुंबई-पुण्यात तसं नाही. खोपोली ते खंडाळा साधारण पाचशे मीटरचा चढ आहे. तिथे वेग पडतो, मागे लपण्याचा फायदा आटतो, आणि प्रत्येकाला स्वतःचं वजन स्वतःच वर न्यावं लागतं. घोळका फुटतो. म्हणून तर बोरघाटात पहिला येणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, आणि पुष्कळदा रेस कोणी जिंकली हे विसरलं तरी राजा कोण होता ते लोक सांगतात.

शहरातले रस्ते काही तास बंद करणं सोपं, प्रायोजकांची बॅनरंही दिसतात, हे मान्य. पण त्या नादात रेसमधली गोष्टच गेली. डिसेंबर २०१२ मध्ये ‘टूर दी इंडिया’ नावाने आणखी एक प्रयत्न झाला आणि मग तेही थंडावलं. जगातले नावाजलेले सायकलपटू इथे येऊन गेले आणि आपल्याकडे त्याची साधी दंतकथासुद्धा उरली नाही!

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. ती अनेक दिवसांची, म्हणजे प्रकार वेगळा. पण तिच्या आखणीत मुळशी-मावळचे चढ होते.