जनमत कौल आणि दोन मराठी दैनिके

गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून दयानंद बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने आधीच राजीनामा दिला होता. वृत्तपत्रांवर मात्र असे कोणतेही बंधन नव्हते. पणजीचे ‘गोमंतक’ विलीनीकरणाच्या बाजूने, तर मडगावचे ‘राष्ट्रमत’ विरोधात उभे ठाकले. ‘राष्ट्रमत’मधील उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर विशेष गाजले. विलीनीकरणाविरुद्धचा युक्तिवादही मराठीतूनच घरोघरी पोचला, हे लक्षणीय होय. विरोधात १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते पडली.

या दैनिकांनी पक्ष घेतला, हा आम्ही दोष मानीत नाही. तो त्यांनी उघडपणे घेतला. अग्रलेखात मत असावेच. बातमीत मात्र प्रतिपक्षाच्या सभेलाही न्याय्य जागा मिळावी. गोव्यातील वाचकाला निदान दोन्ही पत्रे ताडून पाहता येत होती. महाराष्ट्राबाहेरील आपल्या अनेक गावी एखादेच मराठी पत्र पोचते. तेथे निवडणुकीच्या दिवसांत संपादकाचे उत्तरदायित्व अधिकच वाढते, आणि त्याला ते विचारण्याचे आपलेही.