तुरुंगातला शिधा आणि देशादेशांची तुलना

मराठीचे अध्यापन करणाऱ्या आम्हा मंडळींचा आकड्यांशी संबंध सहसा हजेरीपट आणि गुणपत्रिका यांपलीकडे जात नाही. मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ किंवा नारायण सुर्वे यांची कविता शिकवताना गिरणी कामगाराच्या दैन्याविषयी आम्ही भरभरून बोलतो. पण हे दैन्य कशाच्या तुलनेत, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले की आमची पंचाईत होते. इंग्लंडातील कामगाराच्या तुलनेत, कोकणात मागे राहिलेल्या त्याच्या भावाच्या तुलनेत, की पोटाला लागणाऱ्या अन्नाच्या तुलनेत? या प्रश्नाचा माग काढीत गेलो तेव्हा एक विलक्षण गोष्ट ध्यानात आली. आपल्याकडील अशा तुलनांच्या इतिहासात एक मापदंड पुन्हा भेटतो. तो म्हणजे तुरुंगातला शिधा.

प्रारंभ अर्थातच दादाभाई नौरोजींपासून करावा लागतो. एल्फिन्स्टन महाविद्यालयात गणित शिकवलेल्या या गृहस्थांनी १८७६ साली मुंबईत हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. प्रांतोप्रांतीचे लागवडीखालील क्षेत्र, पीक आणि बाजारभाव यांचा गुणाकार करून, त्यात इतर उत्पन्नाचा अंदाज मिळवून त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानचे माणशी वार्षिक उत्पन्न काढले : २० रुपये. इंग्लंडच्या उत्पन्नाशेजारी हा आकडा ठेवला की दरी स्पष्टच दिसे. पण अशा तुलनेवर एक आक्षेप ठरलेला असे. इंग्रजाला कोळसा, लोकर, मांस लागते. इकडच्या माणसाला भात आणि धोतर पुरे. तेव्हा ही तुलनाच गैरलागू.

या आक्षेपाला वाव उरू नये असा मापदंड दादाभाईंपाशी होता. त्यांनी आपली सरासरी तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राच्या खर्चाशी आणि परदेशी मजुरीसाठी जहाजाने जाणाऱ्या मजुरांना ठरवून दिलेल्या शिध्याशी ताडून पाहिली. सरासरी तोकडी पडली. येथील माणसाला जगण्यास किती लागते, हे सरकारने स्वतःच्या हाताने, वजनमापांसह जेथे लिहून ठेवले होते अशी जागा म्हणजे तुरुंग. त्यामुळे हा मापदंड सरकारला नाकारता येण्याजोगा नव्हता. पुढे सरकारी गणित १८८२ मध्ये २७ रुपयांवर आणि १९०१ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या तोंडून ३० रुपयांवर गेले. काही रुपयांच्या या फरकावर एवढे वाद का झाले, हे आता समजते. राज्य करण्याचा नैतिक अधिकारच त्या आकड्यावर तोलला जात होता. साहित्याच्या अभ्यासकांनी येथे सखाराम गणेश देऊस्करांची आठवण ठेवावी. देवघरला वाढलेल्या या मराठी माणसाने १९०४ मध्ये ‘देशेर कथा’ हा ग्रंथ बंगालीत लिहिला. त्यात अशीच आर्थिक आकडेवारी सामान्य वाचकांपुढे मांडली होती. १९१० मध्ये सरकारने तो जप्त केला.

दुसरा प्रसंग १९१९ सालचा, वॉशिंग्टनचा. पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची पहिली परिषद तेथे भरली. हिंदुस्थानातील कामगारांचे प्रतिनिधी होते नारायण मल्हार जोशी. कारखान्यात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास काम, हा जगासाठी नियम ठरला. मात्र त्याच करारात जपानसाठी ५७ तासांचे, तर ब्रिटिश हिंदुस्थानसाठी ६० तासांचे वेगळे कलम आले. या सवलतीचा आधार व्हर्सायच्या तहातच होता : हवामान वेगळे असेल, उद्योगांची वाढ अपुरी असेल, तर त्या देशांचा वेगळा विचार व्हावा. दादाभाईंच्या काळचा आक्षेप असा आंतरराष्ट्रीय कायद्याच्या भाषेत स्थिर झाला. तरीही ६० तास ही आधीच्या स्थितीपेक्षा सुधारणाच होती, हे नमूद करणे न्यायाचे ठरेल. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषासाठी दिवसाची मर्यादा १२ तासांची होती.

आम्हा कोल्हापूरकरांना या कलमातील ‘ब्रिटिश हिंदुस्थान’ हे शब्द अधिक बोचतात. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये येथे कापड गिरणी काढली. परंतु कोल्हापूर हे संस्थान. १९४९ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले. म्हणजे वॉशिंग्टनला मिळालेली ६० तासांची मर्यादाही आमच्या गिरणीतल्या कामगाराला उद्देशून नव्हती. देशादेशांची तुलना करताना ‘देश’ कोणता धरला आहे, हे आधी पाहावे लागते, ते असे.

तिसरा प्रसंग पुन्हा मुंबईचा. १९२१ मध्ये मुंबई सरकारने कामगार कार्यालय स्थापन केले आणि फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी झाली. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाचा एक निष्कर्ष असा, की गिरणगावातला कामगार जे धान्य खातो ते दुष्काळी संहितेत ठरवलेल्या कमाल प्रमाणाइतके आहे, पण मुंबईच्या तुरुंग नियमावलीतील शिध्यापेक्षा कमी आहे. दादाभाईंनी वापरलेला मापदंड जवळजवळ अर्ध्या शतकानंतर आता सरकारी अहवालातच उतरला होता.

स्वातंत्र्यानंतर तुरुंग बाजूला झाला आणि त्याच्या जागी उष्मांक आले. योगायोग असा, की या वादातील दोन्ही प्रमुख नावे आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातली. बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९५१ पासून रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे काम पाहत होते. जगातील दोन-तृतीयांश लोक उपाशी आहेत, या तेव्हाच्या गाजलेल्या विधानाला त्यांनी आव्हान दिले. अर्धपोटी राहणाऱ्यांचे प्रमाण १० ते १५ टक्के असावे. निकृष्ट आहाराचा प्रश्न मात्र त्याहून पुष्कळ व्यापक आहे, अशी त्यांची मांडणी होती. दुसरे साताऱ्याचेच वि. म. दांडेकर. १९७१ मध्ये नीळकंठ रथ यांच्यासह त्यांनी माणशी रोज २२५० उष्मांक ही कसोटी धरली आणि १९६०-६१ साली ग्रामीण भागात ४० टक्के, तर शहरांत ५० टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली असल्याचे दाखवले. सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित नसतो, शरीराची गरज बदलती असते, असा सुखात्म्यांचा आक्षेप. शरीर थोडक्यात भागवू शकते म्हणून माणूस गरीब नाही असे म्हणायचे काय, हा दांडेकरांच्या बाजूचा प्रतिप्रश्न.

या साऱ्या प्रवासाकडे पाहताना आम्हाला एक गोष्ट खटकते. तुरुंगाच्या मापदंडाने सरकारला निरुत्तर केले, हे त्याचे मोठे यश. पण त्याची किंमतही मोजावी लागली. मँचेस्टरच्या कामगाराशी तुलना हवामानाच्या आणि सवयींच्या नावाखाली बाद ठरल्यावर येथील कामगाराची तुलना कैद्याशी होऊ लागली. ‘इतरांइतके का नाही’ हा प्रश्न मागे पडून ‘जगण्यापुरते मिळते का’ एवढाच उरला. सुखात्मे आणि दांडेकर यांचा वाद कितीही मोलाचा असला, तरी तो याच आक्रसलेल्या अंगणात झाला. जागतिक बँकेने २०२५ साली ठरवलेली दिवसाला ३ डॉलरची रेषाही गरीब देशांनी स्वतःसाठी आखलेल्या रेषांवरूनच काढलेली आहे. म्हणजे गरिबाची तुलना पुन्हा गरिबाशीच.

म्हणून ‘कशाच्या तुलनेत’ असे आता वर्गात कोणी विचारले, तर आम्ही आकडा सांगण्यापूर्वी फळ्यावर दोन रकाने पाडतो. एकात त्या आकड्याशेजारी कोणाला उभे केले आहे ते लिहितो. दुसऱ्यात कोणाला उभे करता आले असते, पण केले नाही, ते लिहितो. दुसरा रकाना भरायला विद्यार्थ्यांना नेहमीच अधिक वेळ लागतो.