दिव्याखालची शेवंती

काटोलकडची आमची वाडी १९७८ साली विकली गेली. आजीनं भांडीकुंडी नातलगांत वाटली. शेवंतीच्या काशा मात्र ओल्या पोत्यात गुंडाळून रामदासपेठेतल्या भाड्याच्या घरी आणल्या.

शेवंती मूळची चीनकडची, पण आजीच्या लेखी ती सासूनं दिलेली. लावायची रीतही सासूचीच. फुलं सरली की दांडे जमिनीलगत कापायचे. बुडातून नव्या काशा फुटतात. मृगाचा पाऊस झाला की त्या मुळांसकट सोडवून वीत-दीड वीत अंतरानं लावायच्या. महिन्याभरानं शेंडा खुडायचा, म्हणजे फांद्या फुटतात. जुना गड्डा तसाच ठेवला तर मधून मरत जातो.

आजीनं कुंपणालगत वाफा केला. झाडं कमरेएवढी वाढली. दसरा गेला, दिवाळी गेली, कळीचा पत्ता नाही. ‘इथली माती मले नाही म्हणते,’ आजी म्हणाली. ‘मले गावी नेऊन सोडा.’ गावी आता कुठं सोडणार? बाबा गप्पच बसले.

महाराजबाग जवळच. भोसल्यांची ही जुनी बाग पुढं कृषी महाविद्यालयाकडं आली. ते महाविद्यालय १९०६ सालचं. तिथं काम करणारे एक शेजारी संध्याकाळी आले. वाफ्याकडं पाहिलं, मग वर रस्त्याच्या खांबाकडं.

‘आजी, मातीचा दोष नाही. हा दिवा तिले रात्र होऊ देत नाही.’

गार्नर आणि अॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखू नि सोयाबीनवरून दाखवून दिलं होतं, की फुलणं दिवस-रात्रीच्या लांबीवर ठरतं. शेवंतीला लांब, अखंड अंधार लागतो. गावच्या वाडीत दिवाच नव्हता, म्हणून आजीच्या सासूला हे सांगायची गरज पडली नाही.

त्या रात्रीपासून आम्ही बांबू रोवून वाफ्यावर जाड ताडपत्री टाकू लागलो. दिवस बुडायच्या सुमारास झाकायचं, सकाळी काढायचं. एकही रात्र चुकवली नाही. संक्रांतीला कळ्या दिसल्या, जानेवारी सरता सरता पिवळा वाफा फुलला. आजीनं पहिलं फूल देवाला वाहिलं, दुसरं खांबाच्या बुडाशी ठेवलं. गावी जायचं पुन्हा बोलली नाही.

पुढच्या मृगात वाफा घरामागं, अंधारात नेला. आजी जाऊन बरीच वर्षं झाली. मी अजून दर पावसाळ्यात काशा सोडवतो. कोणी मागितल्या तर देतो, आणि देताना आधी विचारतो, ‘दारात दिवा आहे का?’